जुन्या गाडीचे ब्रेक: पद्मिनी आणि तिच्या पिढीच्या गाड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६४ साली मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईचा निरोप घेतला, पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून बऱ्याच आहेत. त्यांच्या मालकांकडून ब्रेकबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. यातलं बहुतेक सगळं अॅम्बेसेडर, मॉरिस मायनर, विलिस जीप यांनाही लागू पडतं.

गाडी नुकतीच घेतली आहे. आधी इंजिन बघू, रंग काढू की ब्रेक?

ब्रेक. यात दुसरं मत नाही. रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर पैसे संपतात आणि ब्रेकच्या वेळी "सध्या एक किट (रबरी भागांचा संच) टाकून चालवू" अशी तडजोड होते. गाडी विकणाऱ्याने "ब्रेक एकदम ओके" सांगितलं असलं, तरी चारही ड्रम स्वतःच्या डोळ्यांसमोर उघडल्याशिवाय ती गाडी चालवत घरी नेऊ नका. टोइंग करून न्या. हा खर्च वाया जात नाही.

या गाड्यांच्या ब्रेकमध्ये आजच्या गाड्यांपेक्षा वेगळं काय असतं?

तीन गोष्टी. एक, चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक मारला की आतले अर्धगोल शू त्याला आतून दाबतात, आणि शूवरचं घासणारं अस्तर म्हणजे लायनर. दोन, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, त्यामुळे सगळा जोर तुमच्या पायाचा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: फियाट ११०० डीसारख्या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) एकाच सर्किटचा असतो. मास्टरमधून निघालेलं ब्रेक ऑइल एकाच लाइनने चारही चाकांना जातं. आजच्या गाडीत सर्किट दोन असतात, एक फुटलं तरी निदान दोन चाकं धरतात. इथे मागच्या डाव्या चाकाचा एक पाईप गळला, की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं.

म्हणून "ज्या चाकाला गळती आहे तेवढंच करा" हा हिशेब इथे चालत नाही. एक व्हील सिलिंडर (चाकात शू ढकलणारा छोटा सिलिंडर) गळायला लागला असेल, तर त्याच वयाचे बाकीचेही त्याच अवस्थेत आहेत असं धरून चाला.

ड्रम उघडल्यावर नेमकं काय बघायचं?

उघडण्याआधी एक सावधगिरी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली काळी-करडी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशनेही झाडू नका. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ती ओली करा, फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. चांगल्या प्रतीचा मास्क लावा. गॅरेजमधला पोऱ्या सवयीने हवा मारायला पुढे आला, तर त्याला थांबवा. त्याच्या फुप्फुसांची काळजी त्या वेळी तुम्हीच घ्यायची आहे.

मग व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट बोटाने हळूच उचला. आत कोरडं असेल तर उत्तम. किंचित ओल असेल तर वायसर (ऑइल अडवणारं रबर) सुटत चालला आहे. ओघळ बाहेर आला असेल, तर लायनरही ऑइलने भिजलेलं असणार. बूटाखाली तांबूस-तपकिरी चिखलासारखा लेप दिसला, की समजा आत पाणी शिरून गंज चढला आहे. तिथे पिस्टन हाताने सरकतो का बघा. बऱ्याचदा एका बाजूचा सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा वर्षानुवर्षं जागचा हललेलाच नसतो. म्हणजे त्या चाकात एकच शू काम करत होता आणि कोणाला पत्ताही नव्हता.

स्प्रिंगा काढण्याआधी फोटो घ्या, आणि एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी नमुना म्हणून समोर राहते. स्प्रिंगा दिसायला सारख्या, पण ताकदीला वेगळ्या असू शकतात. पुढचा-मागचा शू, लांब-आखूड लायनर यांचीही अदलाबदल होऊ देऊ नका.

सिलिंडरमध्ये नुसतं किट टाकलं तर चालेल का?

ते बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीवर, अवलंबून आहे. बोअर स्वच्छ करून बॅटरीच्या उजेडात बघा आणि नख फिरवा. नख कुठेही अडकलं नाही, तर नवं किट पुरेल. हलके डाग बारीक होनिंगने (आतून गुळगुळीत घासून) जातात. पण नख अडकेल असा खड्डा असेल, तर नवा वायसर त्यावरून घासत काही महिन्यांत पुन्हा गळणार. जास्त घासून खड्डा काढायला गेलात, तर बोअर मोठा होतो आणि वायसर सैल बसतो.

अशा वेळी दोन वाटा. नवा सिलिंडर, किंवा जुन्यालाच स्लीव्ह. स्लीव्हसाठी बोअर मोठा करून आत पितळ किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घट्ट बसवतात आणि मूळ मापाला आणतात. मूळ कास्टिंग शाबूत असेल, तर मी स्लीव्हच्या बाजूने आहे, कारण गंजाचा प्रश्न कायमचा सुटतो. बाजारातल्या नव्या सिलिंडरचा दर्जा मात्र एकसारखा नसतो, बसवण्याआधी तोही उघडून बघा.

धुण्याबाबत एक कळकळीची विनंती. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळं पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुतात. ब्रेकच्या रबराला ते विष आहे. वायसर फुगतो, मऊ पडतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. धुवायला मेथिलेटेड स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. रबर बसवतानाही ब्रेक ऑइलच लावा. साधं ग्रीस अजिबात नको.

पेडलवरून दोष ओळखता येतो का?

बऱ्यापैकी येतो. पाय दिल्यावर पेडल स्पंजासारखं दबत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे, किंवा रबरी होज (चाकाकडे जाणारी लवचिक नळी) जुना होऊन फुगतो आहे. नवं लायनर ड्रमच्या गोलाईला बसत नसेल, तरीही असंच लागतं. पहिल्यांदा पेडल खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा मारल्यावर वर येतं, तेव्हा शू ड्रमपासून लांब गेले आहेत आणि त्यांचं सेटिंग करायचं आहे, म्हणजे ते पुन्हा ड्रमजवळ आणायचे आहेत. पेडल घट्ट लागतं, पण दाबून धरलं की हळूहळू खाली सरकतं, हे लक्षण वाईट. कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टरमधला वायसर आतल्या आत ऑइल सोडतो आहे. बाहेर थेंब दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरत नाही, तर मास्टरच संशयित.

पंप मारत मारत गाडी चालवणारे लोक मी पाहतो. "मारला की लागतो ना" म्हणतात. अचानक मूल समोर आलं, तर दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळत नाही.

गळती कुठेच सापडत नाही, तरी ऑइल कमी होतं. का?

ब्रेक लाइटचा स्विच बघितलात का? या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत तो पेडलवर नसून थेट पाईपलाइनमध्ये बसवलेला असतो आणि ऑइलच्या दाबावर चालतो. तो झिरपायला लागला, तर चारही चाकं कोरडी असतात आणि ऑइल मात्र उतरत राहतं.

थोडं अंतर चाललं की ब्रेक चिकटतात, ड्रम हात लावता येणार नाही इतका तापतो. काय करू?

हा दोष शोधण्याची एक सोपी रीत आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट (घसरू नये म्हणून अडसर) लावा आणि ब्रेक चिकटलेला असतानाच त्या चाकाचा निप्पल (हवा काढायचा बारीक स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. काही फरक पडला नाही, तर दोष त्या चाकातच आहे: गंजलेला पिस्टन, मेलेली स्प्रिंग, किंवा हँडब्रेकची अडकलेली केबल.

दाब अडकला असेल, तर पुन्हा ब्रेक चिकटू द्या आणि या वेळी मास्टरवरचा पाईप सैल करा. चाकं मोकळी झाली, तर मास्टरमध्ये गडबड आहे. बऱ्याच वेळा कारण अगदी साधं निघतं: पेडलला फ्री प्ले ठेवलेला नसतो. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉड (पेडलपासून मास्टरकडे जाणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात थोडी फट हवीच. ती नसेल, तर मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र वायसरखाली झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगलं, की त्याला टाकीत परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. पेडल "कडक लागावं" म्हणून पुशरॉड लांब करणारे फिटर हा दोष स्वतःच निर्माण करतात.

मास्टरचा पाईप सोडूनही चाक मोकळं होत नसेल, तर होज बदला. जुना रबरी होज बाहेरून धड दिसतो, पण आतून सुजून बंद होतो. पायाच्या जोराने ऑइल पलीकडे जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये पाय काढल्यावरही किंचित दाब मुद्दाम राखलेला असतो. तो व्हील सिलिंडरचे वायसर बोअरला टेकलेले ठेवतो. तेवढ्यावरून मास्टर खराब ठरवू नका.

कोणतं ब्रेक ऑइल घालावं?

डॉट ३ किंवा डॉट ४ (डॉट ही बाटलीवर छापलेली ब्रेक ऑइलची प्रत). दोन्ही ग्लायकॉलवर आधारलेली. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. पण ही ऑइलं हवेतली ओल शोषतात. मुरलेल्या पाण्यामुळे डॉट ३ ची मर्यादा १४०पर्यंत खाली येते, डॉट ४ ची १५५पर्यंत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे मुरणं भरभर होतं, म्हणून मी डॉट ४ घालतो आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदलतो. गाडी समुद्राजवळ राहत असेल, तर दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते ओल शोषत नाही, रंगही खराब करत नाही, म्हणून वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्यांचे मालक त्याकडे वळतात. पण ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही. घालायचंच तर सगळे रबर नवे, सगळी लाइन कोरडी करून. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ हे ग्लायकॉलचंच, त्यामुळे दुकानात बाटलीवरचा पूर्ण मजकूर वाचा.

इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, "तात्पुरतं काहीतरी" हे कधीही नाही. चुकून गेलंच, तर लाइनमधलं प्रत्येक रबर बदलावं लागतं. आणि ग्लायकॉलचं ऑइल रंगावर सांडलं, तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

पाईप तांब्याचे करून घेतले तर?

साधं तांबं नको. कंपनांनी ते कडक होत जातं आणि फ्लेअरपाशी, म्हणजे पसरवलेल्या टोकाशी, तडकतं. मूळचा स्टीलचा पाईप चांगला, फक्त तो गंजतो. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाईप मिळत असेल तर सगळ्यात उत्तम: गंजत नाही आणि वाकवायला सोपा. पाईपच्या टोकाचा फ्लेअर मूळच्यासारखाच करा. इटालियन आणि ब्रिटिश गाड्यांचे आटे वेगवेगळे असतात. नट दोन फेऱ्यांनंतर जड जात असेल, तर पाना लावून बळजबरी करू नका, आटे जुळत नाहीत म्हणून तो अडतो आहे.

लायनर रिबिटचं की चिकटवलेलं? आणि ड्रम टर्न करावा का?

रिबिटचं लायनर आपल्याकडे सहज होतं आणि चांगलं केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. रिबिटचं डोकं लायनरच्या आत खोल बसलेलं हवं. झिजून ते वर यायला लागलं, की ड्रममध्ये चरे पाडतं. लायनर बसवल्यावर शू ड्रमच्या मापाला घासून घेणं फार महत्त्वाचं. हे बहुतेक ठिकाणी टाळतात. मग लायनर फक्त मधोमध किंवा टोकांना टेकतं आणि नव्या कामानंतरही "ब्रेक लागत नाही" अशी तक्रार राहते.

ड्रममध्ये खोल चरे असतील किंवा तो लंबगोल झाला असेल, तर लेथवर कट मारून घ्या, पण आधी मोजा. किती मोठा चालेल ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम पातळ होतो, तापल्यावर जास्त पसरतो आणि तडकूही शकतो. एका अॅक्सलच्या दोन्ही ड्रमचं माप सारखं ठेवा. ऑइलने भिजलेलं लायनर भाजून, घासून पुन्हा लावू नका. ते गेलं.

हवा कशी काढायची?

मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, म्हणून क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून पेडल खाली पोचण्याआधी बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. मध्येमध्ये टाकी भरत राहा, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

मास्टर जुनाच असेल, तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या पुढच्या भागात कधी जात नाही, तिथे गंज बसलेला असतो. पेडल फ्लोअरपर्यंत दाबलं, की वायसर त्या गंजावरून घासतो आणि धड चालणारा मास्टर दुसऱ्या दिवशी गळू लागतो.

काम झालं की मिनिटभर पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड बघायला सांगा. मगच मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने पहिली चाचणी.

गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते.

आधी टायरमधली हवा बघा. ती ठीक असेल, तर ज्या बाजूला ओढते त्याच्या उलट बाजूचं पुढचं चाक उघडा. तिथला पिस्टन जाम असेल, होज बंद असेल किंवा लायनर ऑइलने भिजलं असेल. दुरुस्ती मात्र नेहमी दोन्ही बाजूंची करा. एका बाजूला नवं लायनर आणि दुसऱ्या बाजूला जुनं, म्हणजे ओढणं कायम.

खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक कमी लागतो असं वाटतं. हा दोष आहे का?

सतत पाय ठेवून उतरलात, तर चांगल्या ड्रम ब्रेकलाही हे होतं. ड्रम तापून पसरतो आणि शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल खोल जातं. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल, तर ते उकळून वाफ होते आणि पेडल हातपाय गाळतं. घाट उतरताना, जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये राहा. इंजिनलाच गाडी धरू द्या. ब्रेक सलग घासू नका, थोडा वेळ ठामपणे दाबा आणि पूर्ण सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवण्याची जुनी सवय असेल, तर ती घाटात जीव घेऊ शकते. ब्रेकचा वास आला तर सुरक्षित जागी थांबा, पण तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. आणि आज बनलेल्या गाडीच्या मागे तिच्या मापाचं अंतर ठेवू नका. ती तुमच्यापेक्षा खूप आधी थांबणार आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावरही ड्रम काही वेळ धरत नाहीत. हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवा, लायनर वाळलं की पकड परत येते.

हँडब्रेक धरत नाही. केबल ताणू का?

आधी शूचं सेटिंग, मग केबल. शू लांब असताना केबल ताणली, तर शू अर्धवट उघडे राहतात आणि पुढचं सेटिंग चुकतं. सेटिंग करताना चाक उचला, शू टेकेपर्यंत आणा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. जुन्या विलिस जीपचा हँडब्रेक वेगळा: तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. चालत्या गाडीत तो ओढू नका, सगळा झटका गिअर आणि जॉइंटवर येतो. या जीपमध्ये आणि मॉरिस मायनरमध्ये मास्टर फ्लोअरखाली लपलेला असतो. दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी टाकी उघडत नाही.

पुढे डिस्क ब्रेक बसवून घेऊ का?

रोज वाहतुकीत चालवणार असाल, तर विचार समजू शकतो. पण आधी मूळ ड्रम नीट करून गाडी महिनाभर चालवा. बहुतेकांना डिस्क हवी वाटते, कारण त्यांनी नीट सेट केलेले ड्रम कधी अनुभवलेलेच नसतात. डिस्क बसवताना मास्टरचं माप, पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण, लाइनमधला राखीव दाब हे सगळं बदलावं लागतं. नुसती कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) अडकवून दिलेली गाडी मूळच्यापेक्षा धोकादायक असते.

व्हिंटेज नोंदणीला ब्रेक मूळचेच लागतात का?

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल नकोत, असं नियम सांगतो. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

सुटे भाग कुठे शोधायचे?

मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ. जुना भाग काढून सोबत न्या, नुसत्या नावावर घेऊ नका. वर्षानुवर्षं पडून असलेलं "कंपनीचं ओरिजिनल" किट दिसलं, तर मोह आवरा. पाकीट न उघडलेलं असलं तरी रबर आत म्हातारं होतं. जुन्या साठ्यातून धातूचे भाग घ्या, रबर ताज्या उत्पादनाचं घ्या.

गाडी सहा महिने उभी राहणार आहे. काय करावं?

उभी करण्याआधी ब्रेक ऑइल बदला, म्हणजे मुरलेलं पाणी सिलिंडरमध्ये बसून गंज चढवणार नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतं. चाकांना ओट लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा पेडल पंधरा-वीस वेळा दाबा आणि गाडी हातभर पुढे-मागे करा. पुन्हा बाहेर काढाल तेव्हा टाकीतली पातळी, चारही टायरच्या आतल्या बाजूचे ओघळ आणि मिनिटभर दाबून धरलेलं पेडल, एवढं तपासल्याशिवाय गेटबाहेर जाऊ नका.